काजूच्या शेडमधली रिंग

मालवणात दांडीच्या बाजूला आमची घरगुती खानावळ आहे. सासूबाई आणि मी मिळून चालवतो. नवरा होडीवर असतो, मुलगा चौथीत आहे. मी ३३ वर्षांची आहे आणि गेल्या ऑक्टोबरात मी पहिली व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळले. त्या लढतीचे फोटो गावात फिरले तेव्हापासून रोज कोणी ना कोणी विचारतं. कुठे शिकलीस? माझ्या पुतणीला घेतील का? माझं वय २८, आता सुरू केलं तर चालेल का? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. ज्या हॉलमध्ये मी चार वर्षं शिकतेय त्याचा हा अभिप्राय आहे. जे चांगलं आहे ते लिहिलंय, ज्याचा त्रास झाला तेही लिहिलंय. टाकण्याआधी सरांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळ्या मजकुरात एकच शब्द काढायला सांगितला. तो कुठला, ते पुढे येईलच.

हॉलला नाव नाही, बाहेर फलकही नाही. कुडाळ एमआयडीसीच्या एका टोकाला पूर्वी काजूची फॅक्टरी होती, तिची ही शेड. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. पहिल्या पावसात भिंती भिजल्या की अजून काजूच्या टरफलाच्या तेलाचा उग्र वास सुटतो. रिक्षावाल्याला ‘काजूची शेड’ एवढंच सांगा, तो बरोबर आणून सोडेल. आत एक रिंग, सहा बॅगा, भिंतीला दोन मोठे आरसे आणि कोपऱ्यात टाकीचं पाणी. रिंग १६ फुटांची आहे, म्हणजे लहानच. सर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सैन्यात बॉक्सिंग केलेले, नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केलेले. नाव लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही.

इथे येण्याआधी मी दुसऱ्या एका गावात बॉक्सिंगचा क्लास लावला होता, तेही सांगायला हवं. बावीस वर्षांची होईपर्यंत मी कबड्डी खेळले, जिल्ह्याच्या संघात होते. मग लग्न, बाळंतपण, खानावळ. एकोणतिसाव्या वर्षी माझं वजन ६६ किलो होतं आणि चुलीसमोर उभं राहिलं की कंबर धरायची. त्या क्लासमध्ये आठव्या दिवशी मला एका एकोणीस वर्षांच्या मुलासमोर उभं केलं. हात कसा धरायचा हेसुद्धा मला धड येत नव्हतं. दोन दिवस डोकं ठणकत होतं, माशाच्या वासाने मळमळत होतं. तिथल्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणाला, मार खाल्ल्याशिवाय भीती जात नाही. मी पुन्हा गेले नाही. पण लढायची इच्छा काही गेली नव्हती. तीन महिन्यांनी एका ओळखीच्या बाईने ही शेड सांगितली. सासूबाईंनी दारातच अडवलं, “गे बाय माजे, ह्या वयात मार खावक खंय जातस?” त्यांचा प्रश्न खराच होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालवण-कुडाळ एस.टी.त चौक्यापासून धामापूरच्या तळ्यापर्यंत तोच प्रश्न डोक्यात घोळत होता.

सरांनी पहिल्या दिवशी ग्लोव्हज दिलेच नाहीत. स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “कशासाठी आलात, वहिनी?” मी म्हटलं, लढायला. ते हसले नाहीत. वय विचारलं, बाळंतपण साधं की सिझेरियन ते विचारलं, गुडघे विचारले. मग म्हणाले, डोक्याला कधी लागलंय का? आधी मी नाही म्हटलं. मग आठवलं, एकोणिसाव्या वर्षी कणकवलीत एका सामन्यात पकड करताना डोक्याला डोकं आपटलं होतं आणि मधले काही क्षण मला आजही आठवत नाहीत. सरांनी एक वही काढली, कोऱ्या पानावर माझं नाव घातलं आणि तो प्रसंग वर्षासकट लिहून घेतला. “हे तुमच्या हिशोबात धरायचं,” म्हणाले. आधीच्या क्लासमधला तो दिवसही त्यांनी लिहिला. ही वही म्हणजेच या हॉलची खरी गोष्ट आहे. तिच्याकडे परत येईन.

पहिले सहा महिने मला कोणाशीच लढू दिलं नाही. इतर मुलं आत स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करायची आणि मी बाहेर जमिनीवर खडूने आखलेल्या रेषांवर पुढे-मागे चालायची. सातवीतली मुलं “काकी, हात वर!” म्हणून ओरडून जायची. मला राग यायचा. पण त्या सहा महिन्यांत माझ्या अंगातली कबड्डी सुटी होत होती. चढाईला गेलं की गुण घ्यायला आपण पुढच्या पायावर झुकतो, डोकं पायाच्याही पुढे जातं, हात लांब फेकतो. बॉक्सिंगमध्ये तसं झुकलं की समोरचीला आपलं डोकं आयतंच मिळतं. दुसरी सवय दमाची. कबड्डीत एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तीस सेकंद काढायचे असतात, नवी हवा आत घ्यायची नसते. इथे प्रत्येक ठोशाबरोबर श्वास बाहेर सोडायचा. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी हे दोन आठवड्यांत उचलतात, मला चार महिने लागले. नवीन शिकायला नाही, जुनं विसरायला लागले. पण पकडीला उभं राहून समोरच्याच्या पायांवरून तो कुठे जाणार हे ओळखायची जी नजर होती, ती मात्र तशीच कामाला आली. सर म्हणाले, हे भांडवल तुमचं, बाकीचं उसनं.

आता वही. प्रत्येक खेळाडूचं त्यात पान आहे. स्पारिंग झालं की सर तारीख, समोर कोण, किती फेऱ्या आणि शेवटच्या रकान्यात डोक्याला स्वच्छ बसलेले ठोसे लिहितात. ते रिंगच्या कोपऱ्यात उभं राहून मोजतात आणि एखादा मोठा मुलगा समोरच्या कोपऱ्यातून मोजतो. दोन आकडे जुळले नाहीत तर मोठा लिहितात. एका महिन्यात आकडा त्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या पुढे गेला की उरलेला महिना फक्त अंगावरचं स्पारिंग, डोक्याला हात लावायचा नाही. मला हा नियम इतरांपेक्षा कडक होता, आजही आहे. महिन्यातून दोनदाच पूर्ण स्पारिंग.

यावरून मी दुसऱ्या वर्षी भांडले. मोबाइलवर बघून यादीच घेऊन गेले होते. जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता झाला. बर्नार्ड हॉपकिन्सने २०११ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी किताब जिंकला. विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा २९ वर्षांचा होता. रँडी कूत्युरने मिश्र मार्शल आर्ट्समधली पहिली लढत १९९७ मध्ये ३३ व्या वर्षी खेळली. मेरी कोमने तर मुलं झाल्यावर पदकं आणली. मग मलाच का जपायचं?

सरांनी यादीतली एकेक ओळ घेतली. फोरमनने १९६८ चं ऑलिंपिक सुवर्ण एकोणिसाव्या वर्षी घेतलं होतं, तो उशिरा परत आला, उशिरा सुरू नाही झाला. हॉपकिन्स १९८८ पासून व्यावसायिक होता. विजेंदरकडे २००८ चं ऑलिंपिक कांस्य होतं. कूत्युरने त्याआधी अर्धं आयुष्य कुस्ती केली होती. मेरी कोम २००१ च्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत रौप्य घेऊन आली, २०१८ मध्ये पस्तिशीत सहावं जागतिक सुवर्ण घेतलं तेव्हा तिच्यामागे सतरा-अठरा वर्षांची रिंग होती. “यांच्या वयाशी तुमचं वय जुळवू नका,” ते म्हणाले. “वर्षं जुळवा. रिंगमधलं तुमचं हे दुसरं वर्ष.”

मग त्यांनीच एक नाव दिलं, हेदर हार्डी. न्यूयॉर्कची, एकटीने मुलगी वाढवणारी. अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास या खेळांकडे वळली, २०१२ मध्ये तिसाव्या वर्षी व्यावसायिक झाली, २०१८ मध्ये डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा फेदरवेट किताब जिंकला. माझंच वजन, ५७ किलो. त्या रात्री मी तिच्या लढती बघत बसले, माझ्यासाठीच कोणीतरी वाट काढून ठेवली आहे असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी नाचतच शेडमध्ये गेले. सर म्हणाले, सगळं वाचलंत का? नव्हतं वाचलं. पुढे २०२४ मध्ये मेंदूच्या दुखापतीमुळे तिला थांबावं लागलं तेव्हा त्यांचं म्हणणं मला कळलं. उशिरा आलेल्याला कमी वेळात जास्त लढायचं असतं, म्हणून तो सरावातच स्वतःला खर्च करून टाकतो. पोरीबाळी दहा वर्षांत जेवढे ठोसे वाटून खातात, तेवढे तो तीन वर्षांत खातो. माझ्या बाजूने खरं तर एक गोष्ट चांगली होती. तिशीपर्यंत माझ्या डोक्याला फारसा मार नव्हता. ती शिल्लक शेडमध्ये उधळायची नाही, लढतीसाठी ठेवायची, एवढाच त्या वहीचा अर्थ. त्यानंतर मी त्या विषयावर भांडले नाही.

बाकीच्या शरीराचं म्हणाल तर तिशीत ताकद कमी पडते असं मला तरी कुठे जाणवलं नाही. कमी पडते ती भरून येण्याची गती. सोमवारी खांदा दुखला तर सतरा वर्षांची पोर मंगळवारी विसरते, मला गुरुवार उजाडतो. सरांनी मला सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजायला लावली. माझी एरवी ५८ ते ६० असते. ती आठ-दहाने वर गेली असेल तर त्या दिवशी सराव नाही, एस.टी.चे पैसे वाचवा आणि झोपा. खानावळीत मे महिन्याची गर्दी असताना हे सारखं व्हायचं. दुसरी चूक मी स्वतः केली होती. मालवणचं पोर म्हणून दांडीच्या किनाऱ्यावर भुसभुशीत वाळूत रोज धावायचे, वाटायचं याने पाय मजबूत होतील. दोन महिन्यांत टाचेमागची शीर सुजली. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या शिरांना वेळ लागतो, आणि वयाबरोबर जास्तच. आता सुकती बघून जाते, पाणी उतरल्यावर जी ओली घट्ट वाळू राहते तिच्यावरून. कुडाळला आठवड्यातून तीन दिवस, उरलेले दिवस मागच्या फणसाला टांगलेली बॅग.

बॅगेचंही सांगते, कारण घरी बॅग बनवायची म्हणून पुष्कळजण वाळू भरतात. वाळू खाली बसते, बॅगेचा खालचा भाग दगड होतो आणि मनगट जातं. शेडमधल्या बॅगा चिंध्या भरून केलेल्या आहेत, दर दोन महिन्यांनी मुलं त्या उलट्या टांगतात. हाताला साडेचार मीटरची पट्टी बांधल्याशिवाय कोणालाही बॅगेला हात लावू देत नाहीत, मग तो पाच मिनिटांसाठी आलेला पाहुणा असला तरी.

आता तक्रारी. बायकांना कपडे बदलायला खोली नाही. ताडपत्रीचा एक पडदा आहे आणि तो वाऱ्याने उडतो. मी चार वर्षं सांगतेय. शौचालय एकच, तेही शेडच्या मागे, पावसात छत्री घेऊन जायचं. एखादी आई मुलीला सोडायला येते, हे बघते आणि परत जाते. तीन चांगल्या मुली अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. याला पैसे नाहीत हे कारण मला पटत नाही. दोन नव्या बॅगा आल्या, तेवढ्यात चार चिऱ्यांची भिंत उभी राहिली असती. जुलैत उत्तरेच्या कोपऱ्यावर पत्रा गळतो, रिंगच्या खाली बादली ठेवावी लागते आणि कॅनव्हास ओला असला की तिथे कोणी लढायचं नाही. चामड्याला चार दिवसांत बुरशी धरते. ग्लोव्हजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, पिवळ्या दिव्याखाली दोरीवर टांगावे लागतात. हॉलचे सामाईक ग्लोव्हज पावसाळ्यात घालू नका, स्वतःचे घ्या. मी १६ औंसांचे घेतले, ३,२०० रुपये पडले, तीन पावसाळे टिकले.

सगळ्यात मोठी अडचण मात्र जोडीदाराची. सिंधुदुर्गात ५७ किलोची, अनुभव असलेली बाई मिळत नाही. सावंतवाडीची एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे, ती परीक्षेच्या वेळी येत नाही. बाकी पंधरा-सोळा वर्षांचे मुलगे, त्यांच्याशी फक्त अंगावरचं. खऱ्या स्पारिंगसाठी सर आम्हाला फोंडा घाटातून कोल्हापूरला नेतात. भाडं आपलं, डबा आपला, पहाटे निघून रात्री परत. ज्यांना घरून एवढी मोकळीक नाही त्यांनी हे आधीच धरून चालावं. मला ती मिळाली, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नवरा घरी असतो आणि पावसात खानावळीत पाहुणे नसतात. माझं सगळं शिक्षण खरं म्हणजे चार पावसाळ्यांत झालं आहे. त्या दोन महिन्यांत नवरा भात टाकतो, मुलाला शाळेत सोडतो. कोळ्याच्या घरात हे बोलून दाखवायची पद्धत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

व्यावसायिक व्हायची घाई मला होती, सरांना नव्हती. हौशी बॉक्सिंगमध्ये चाळिशीपर्यंत खेळता येतं, मग पळता कशाला, असं त्यांचं म्हणणं. तिसाव्या वर्षापासून मी नऊ हौशी लढती खेळले, पाच जिंकले. बायकांच्या हौशी लढतीत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या असतात आणि डोक्याला संरक्षक टोप असतो. व्यावसायिकमध्ये बायकांची फेरी २ मिनिटांची, नवख्यांच्या चार, टोप नाही आणि ग्लोव्हज माझ्या वजनाला ८ औंसांचे. ऐकायला २ मिनिटं सोपी वाटतात. पण ३ मिनिटांच्या फेरीत माणूस थोडा श्वास घेतो, चाचपतो. २ मिनिटांत कोणी थांबतच नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात पहिलं बोलावणं आलं. नऊ दिवसांवर लढत, समोरची ६१ किलोची. आयोजक फोनवर म्हणाला, पहिलीच लढत आहे, वजनाचं काय एवढं. सरांनी माझ्यासमोर नाही म्हणून फोन ठेवला. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बत्तीस वर्षांच्या नवख्या बाईला पुन्हा कोण बोलावणार, असं मला वाटत होतं. आज ती लढत आठवली की कळतं, बोलावणं मला नव्हतं, चार किलो हलक्या, हरायला येणाऱ्या कोणालाही होतं. उशिरा सुरू केलेल्यांना अशी बोलावणी बरीच येतात. वय बघून समोरच्याला वाटतं, हिच्याकडे नाही म्हणायला वेळ नाही.

ऑगस्टमध्ये दुसरं बोलावणं आलं, ऑक्टोबरची तारीख, ५७ किलो, समोरची बावीस वर्षांची. हे घेतलं. मग तपासण्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, हृदयाचा आलेख, डोळे, गर्भधारणेची चाचणी आणि मेंदूचा एमआरआय. एमआरआय गोव्यात केला. सगळ्या तपासण्या, परवाना, रेल्वे, राहणं मिळून १९,००० रुपये गेले आणि मानधन ठरलं होतं १२,०००. सरांनी त्यातले १० टक्के घ्यायचे असा आमचा लेखी करार आहे. त्यांनी त्या वेळी घेतले नाहीत. हे आकडे मुद्दाम देतेय. कोणी पैशासाठी या वयात उतरणार असेल तर त्याला हिशोब माहीत असावा. पुढच्या लढतींत मानधन वाढतं, पण खानावळ बंद करण्याइतकं नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी गणपती. कोकणात गणपतीला काय काय बंद असतं ते वेगळं सांगायला नको. शेड अकरा दिवस बंद. लढतीला पाच आठवडे उरलेले, आणि सर त्यांच्या गावच्या घरी आरतीला. मला त्या वेळी फार राग आला होता आणि अजूनही ही गोष्ट मला हॉलची चूक वाटते. परगावच्या मुलीने वर्षभर पैसे भरायचे आणि ऐन वेळी कुलूप बघायचं. माझ्याही घरी गणपती होता, गौरी होत्या, मी सून आहे. तरी रात्री आरती झाल्यावर फणसाखाली बॅग मारत होते. तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा सर म्हणाले, चावी शेजारच्या गॅरेजवाल्याकडे ठेवली आहे, सांगायचं राहिलं. त्यांनी सांगायला हवं होतं. सावंतवाडीच्या मुलीला घेऊन मी पाच दिवस गेले. मोदकाचा डबा गॅरेजमध्ये द्यायचा आणि चावी घ्यायची.

वजन उतरवायची पद्धत मात्र मला या हॉलची सर्वांत आवडते. प्लास्टिकचा सूट नाही, पाणी तोडणं नाही. शरीर सुकवून रिंगमध्ये गेलं की डोक्याला बसलेला मार जास्त महागात पडू शकतो, म्हणून सरांनी तीन महिने आधीपासून उतरवलं. उकड्या तांदळाची पेज, बांगडा भाजलेला, तळलेला नाही, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी. आमच्या घरात हे रोजचंच, फक्त वाढण्याचा चमचा लहान केला. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर ५६.८ भरले आणि रात्री पोटभर जेवले.

लढत मी हरले. दोन पंचांनी तिला ३९-३७ असे गुण दिले, तिसऱ्याने ३८-३८. मूळ मजकुरात मी ‘थोडक्यात हरले’ असं लिहिलं होतं. सरांनी काढायला लावला तो शब्द हाच, ‘थोडक्यात’. तिसरी आणि चौथी फेरी तू स्वच्छ हरलीस, म्हणाले. खरं आहे. रिंगमध्ये ते मला वहिनी म्हणत नाहीत, आणि लढतीबद्दल बोलतानाही नाही. दम संपला नव्हता. तिसऱ्या फेरीत तिचा उजवा हात निघताना मला दिसत होता, पण माझं अंग त्याला उत्तर द्यायला उशीर करत होतं. हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं, कारण शेडमध्ये कोणी एवढ्या वेगाने मारतच नाही. बावीस वर्षांच्या हातापेक्षा माझा हात जलद होणार नाही. म्हणून आता आम्ही वेगळं करतोय. ग्लोव्ह बघायचा नाही, खांदा बघायचा, ठोसा तिथून सुटतो. आणि पायाने अर्धं पाऊल आधीच बाहेर राहायचं, म्हणजे तिला यायला एक पाऊल जास्त लागेल. पकडीला उभी राहायचे तेव्हा हेच करत होते, सरांनी मला तीच जुनी जागा परत दिली.

पण हा हॉल मी का सोडणार नाही, ते लढतीनंतरच्या रात्री ठरलं. दादरहून तुतारी एक्स्प्रेसने परत येत होतो. मी, सर आणि सावंतवाडीची मुलगी. मला झोप येत होती. सरांनी तिला खालच्या बर्थवर माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः घड्याळ लावलं. मोठं स्टेशन आलं की उठवायचे आणि म्हणायचे, महिने उलटे सांग. खेडला मी फाल्गुन, माघ, पौष असे चैत्रापर्यंत सांगितले. चिपळूणलाही सांगितले. रत्नागिरीला उजाडत होतं, मी भाद्रपदाच्या आधी आश्विन म्हणायचं विसरले. ते काहीच बोलले नाहीत, बॅटरी काढून माझ्या डोळ्यांत पाहिलं, पाणी दिलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. तेव्हा बरोबर आलं. तरीही कुडाळला उतरल्यावर घरी न सोडता आधी डॉक्टरकडे नेलं. नवरा तिथेच आला. सगळं ठीक निघालं. सरांनी वही काढली, लढतीचा आकडा लिहिला, तो चार वर्षांतला सगळ्यात मोठा होता, आणि खाली तारीख टाकली: पंचेचाळीस दिवस डोक्याला हात नाही. लिहिताना त्यांचा हात थरथरत होता. त्या रात्री तेही झोपले नव्हते.

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. तिशीनंतर यायचं असेल तर या, पण पहिल्या सहा महिन्यांत लढायला मिळणार नाही हे धरून या. घरच्यांना घेऊन या, सर त्यांच्याशीही बोलतात. माझ्या सासूबाई दुसऱ्या वर्षी आल्या, स्टुलावर बसून एक तास बघितलं आणि जाताना सरांना म्हणाल्या, “हिचा तकला (डोकं) सांभाळा, बाकी हात-पाय मी बघतंय.” फी महिन्याला ८०० रुपये, मच्छीमारांच्या मुलांना २००. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाचला मोठ्यांची बॅच. दात सांभाळायचा माउथगार्ड आणि हाताच्या पट्ट्या स्वतःच्या आणा. मुलींनो, पडद्याला लावायला चार मोठ्या पिना मी खिळ्याला अडकवून ठेवल्या आहेत, त्या वापरून परत तिथेच अडकवा. मालवणकडच्या असाल तर सरांना पहिल्याच दिवशी सांगा, ते शेवटच्या गाडीचं बघून सोडतात.